आगपेट्या

नारिनला ऑक्टोबरातच नदीच्या कडा गोठतात.
कोळशासाठी जिल्हा कचेरीत
दाताच्या कण्या करून मी परत येते
तोवर सत्तावीस खाटांवर
सत्तावीस गाठोडी झालेली,
त्यातलं एकच जागं.

"एजे," ते म्हणतं, "हालतोय."

एजे म्हणजे ताई. इथे सगळ्यांची मीच ताई.
उवा मी काढते, बटणं मी लावते,
आणि गणिताच्या बाई बाळंतपणाला गेल्यापासून
भागाकारही माझ्याकडेच.

मेणबत्ती जवळ नेली. वरचा, पुढचा,
तांदळाच्या दाण्याएवढा.
दोरा बांधू का?
सिमिकने मान हलवली. नको.
रविवारी आईचा फोन आहे.

आई मॉस्कोत, परक्यांच्या जिन्यांवर फडकी मारते.
कचेरीतल्या फोनवर तीन मिनिटं मिळतात.
त्याने रिसीव्हर कानाला लावलाच नाही,
तोंडासमोर धरला, आ केला,
आणि जिभेने दात हलवून दाखवला.
तिकडून हॅलो, हॅलो,
सिमिक, ऐकतोयस ना,
हॅलो.
मी मध्ये पडायला हवं होतं.
पडले नाही.

मंगळवारी दात पडला, पावाच्या घासात.
शेजारचाही गेला गुरुवारी.
आमच्यात पडलेला दात पावात दडवून
कुत्र्याला घालतात,
नवा त्याच्यासारखा बळकट यावा म्हणून.
सिमिकने मूठ उघडली नाही.
"तिने अजून पाहिला नाही."
मग चुलीपाशी एक रिकामी आगपेटी सापडली.

त्या आठवड्यात फळ्यावर त्याचं नाव आलं.
वाच.
"फिमिक."
वर्ग खदखदला.
नावाचा अर्थ अभिमान, आणि
ते उच्चारायला दोन दात कमी.
पुसून टाकलं. शुद्धलेखन दिलं:
घर, भाकर, डोंगर, घोडा, आई.
आमच्या बोलीत यांतल्या कशातच स नाही.
पाण्यात आहे, दुधात आहे,
म्हणून ती दोन्ही महिनाभर
वर्गाबाहेर ठेवली.

मग सगळ्यांनाच आगपेट्या हव्या झाल्या.
कुबातचे तीन, आयझिरेकचा कीड लागलेला एक.
बेगाइम रिकाम्या हाताने आली,
तिने आपला गिळला होता, मागच्या वर्षी,
कुणाला न सांगता.
तिच्या पेटीत चिठ्ठी घातली:
गिळला. तारीख आठवत नाही.
घडी घालून तिने ती
दोनदा उघडून पाहिली.

बिश्केकहून तपासनीस आले.
चादरी मोजल्या, चमचे मोजले,
वजन, उंची, लशी.
फडताळ उघडलं. हे काय?
दात.
कुठल्या रकान्यात?
मी म्हटलं, साहेब, तुमचे कुठे आहेत?
बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले,
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता कोळसा.
मग पेनाला फुंकर घालून लिहिलं,
इतर वस्तू : अकरा.

मे महिन्यात आई आली.
अंगावर शहरी कोट, हात सोललेले.
सिमिक दाराशी थिजला. जवळ जाईना.
तीही जाईना.
शेवटी त्याने आ केला,
आणि ती चिखलातच गुडघ्यांवर बसून
आत बघू लागली,
विहिरीत बघतात तशी.
नवे दात, करवतीच्या धारेचे, आले होते केव्हाच.
त्याने खिशातून पेटी काढली. तिने ती
कानाशी नेऊन हलवली.

ट्रकपर्यंत गेला आणि उलटा पळत आला.
मला वाटलं, टोपी विसरला.
"एजे, तिने पाहिला.
आता कुत्र्याला घाल."
स अगदी स्वच्छ होता, "एजे, सांभाळून,
त्याला दुखेल."

संध्याकाळी पाव भिजवला.
कुत्र्याने चावलंसुद्धा नाही.
रजिस्टर काढून अकरा खोडले,
दहा लिहिले,
बेगाइमची चिठ्ठी धरून.